गाडी सेल्फ घेत नाही: घरात टेस्ट लॅम्प ठेवावा, मल्टिमीटर की ओबीडी स्कॅनर?

ग्वाल्हेरमध्ये बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं हिवाळ्यात. मे-जूनमध्ये पारा 45 च्या आसपास गेला की बॅटरीच्या आतल्या प्लेट्स झिजतात, पाणी उडतं. पण गरम इंजिन सहज फिरतं, त्यामुळे दुखणं झाकलं जातं. डिसेंबर-जानेवारीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर उतरतो, आणि लश्कर भागाच्या गल्ल्यांत धुक्याच्या सकाळी सेल्फची घरघर ऐकू येऊ लागते. मिस्त्री येतो, "बैटरी बैठ गई" म्हणतो आणि काही हजारांचा खर्च पुढ्यात येतो. कधी त्याचं बरोबरही असतं. पण गंजलेलं टर्मिनल, सैल अर्थ (बॅटरीच्या मायनसची बॉडीला जोडलेली वायर) किंवा खराब रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) अगदी हीच लक्षणं दाखवतात. नवी बॅटरी घेण्याआधी पाच मिनिटं मोजून बघता यावं, एवढ्यासाठी घरात एखादं साधन असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. प्रश्न फक्त कोणतं, एवढाच.

आधी कान लावा, त्याला पैसे पडत नाहीत. किल्ली फिरवल्यावर भराभर टकटकटक आवाज आला तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल खराब. एकच जाड 'टक्' होऊन शांतता झाली तर सोलेनॉइड (सेल्फवरचा मोठा विजेचा स्विच), सेल्फच्या आतले कार्बन ब्रश किंवा जाड केबलवर संशय घ्या. काहीच आवाज नाही तर फ्यूज, रिले, इग्निशन स्विच बघा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत, तिथे क्लचचा स्विचही बघायला हवा. आणि इंजिन झकास फिरतंय पण पेट घेत नाही, हे दुखणं पूर्णपणे वेगळं. साधन निवडताना हा फरकच कामाला येतो.

टेस्ट लॅम्प शे-दोनशे रुपयांत मिळतो. टोकदार सळई, मुठीत बल्ब, वायरीला क्लिप. क्लिप बॉडीच्या अर्थला लावायची, टोक फ्यूजवर टेकवायचं, दिवा लागला तर करंट आहे. वाचायला काही नाही, अंधारातही चालतो. त्याचा खरा गुण मात्र वेगळाच आहे: बल्ब स्वतः थोडा करंट खातो. वायर आतून गंजून हिरवी पडली असेल तर मल्टिमीटर (व्होल्ट, करंट आकड्यांत दाखवणारा मीटर) तिच्यावर बिनधास्त 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच ओढत नाही. त्याच वायरीवर टेस्ट लॅम्प मिणमिणतो किंवा लागतच नाही. म्हणून बल्बवालाच घ्या, एलईडीवाल्यात हा फायदा मिळत नाही. सेल्फकडे जाणाऱ्या बारीक वायरीवर टोक ठेवून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. दिवा नीट लागला तर हुकूम सेल्फपर्यंत पोचतोय, दोष पुढे आहे. नाही लागला तर मागे रिले-स्विचकडे या. ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) वायरी आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरी यांना मात्र बल्बवाला लॅम्प लावायचा नाही.

पण सेल्फची जाड केबल शंभर-दोनशे अँपिअर वाहते. तिच्यातलं दुखणं या बल्बला कळणं शक्य नाही. तिथे मल्टिमीटरच लागतो, आणि तोही लोक वापरतात तसा नाही.

लोक काय करतात, तर बंद गाडीच्या बॅटरीला मीटर लावतात, 12.5 दिसले की बॅटरी चांगली म्हणून मोकळे होतात. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास असते, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली, हे ठीकच. पण खरा निकाल सेल्फ मारताना लागतो. तेव्हा आकडा साधारण 9.6 च्या खाली जायला नको.

गेल्या हिवाळ्यात माधवगंजात शेजारच्या काकूंची गाडी अशीच बसली होती. "अरे, उद्या मिस्त्री नवी बॅटरी घेऊन येतोय, घेऊन टाकू का?" असं त्यांनी विचारलं. म्हटलं, "काकू, आधी मोजू तरी." बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर थेट पिना टेकवल्या, 12.5. काकूंनी किल्ली फिरवली, टक् झालं, आकडा जेमतेम 12.3 वर आला. मग प्लसची पीन खांबावरून उचलून त्याच खांबाला आवळलेल्या क्लँपवर ठेवली. किल्ली फिरवली आणि आकडा थेट 4 वर. मध्ये अंतर अर्ध्या सेंटीमीटरचं, आणि तेवढ्यात आठ व्होल्ट गायब! खांब आणि क्लँप यांच्यामध्ये राखाडी पापुद्रा धरला होता, बाहेरून दिसतही नव्हता. आधी मायनस काढला, मग प्लस. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतलं, कोरडं केलं, पॉलिश पेपर मारला, आवळून वर व्हॅसलीन लावलं. मायनस शेवटी जोडला. आता सेल्फ मारताना खांबावर 10.4 आले आणि इंजिन पेटलं. आकडा आधीपेक्षा खाली गेला, कारण करंट आता खरोखर वाहत होता. काकूंची बॅटरी अजून तीच आहे.

हीच तपासणी बॅटरीचा मायनस खांब आणि इंजिनचा धातू यांच्यातही करा. सेल्फ मारताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी साफ करायची. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 दिसलं की डायनेमो चार्ज करतोय. उभ्या गाडीत करंट कोण खातंय हेही मल्टिमीटरच सांगतो. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर 50 मिलिअँपिअरपेक्षा बरंच जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत शोधायचं. मीटर असा मधे (मायनस खांब आणि त्याची काढलेली केबल यांच्यात) जोडलेला असताना किल्ली चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं साधन, मोबाइलला ब्लूटूथने जोडता येतो, म्हणून सगळ्यांना आधी तोच घ्यावासा वाटतो. 2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांत त्याचा सॉकेट स्टिअरिंगखाली मिळतो. इंजिन फिरतं पण पेटत नाही, तेव्हा तो सोन्यासारखा: पी0335 आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी0230 आला तर फ्यूल पंपाचं, तासाभराची शोधाशोध वाचते. पण सेल्फ, जाड केबल, टर्मिनल यांचं त्याला काही दिसत नाही. काकूंच्या गाडीत तो बिनकामाचा ठरला असता. शिवाय बॅटरी उतरलेली असली की तो भलभलते कोड दाखवतो. आधी बॅटरी चार्ज करा, कोड पुसा, मग पुन्हा वाचा. किल्ली ऑन करूनही स्कॅनर जोडलाच जात नसेल तर त्या सॉकेटचा फ्यूज बघा. आणि तो बघायला पुन्हा टेस्ट लॅम्प किंवा मीटरच लागतो.

तेव्हा एकच घ्यायचं असेल तर मल्टिमीटर. पाचशे ते हजाराचा साधा डिजिटल पुरतो, घरात इन्व्हर्टर आणि प्लग तपासायलाही होतो. आकड्यांची धास्ती असलेल्या ज्येष्ठांसाठी, किंवा जुनी, बिनकॉम्प्युटरची गाडी असेल तर टेस्ट लॅम्प आधी. दोन्ही घेतले तरी बॅटरीच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाहीत. स्कॅनर तिसरा, आणि तोही गाडी इंजेक्शनची असेल, आग्रा-झाशीकडे वारंवार जाणं होत असेल तर.

घरी फक्त स्कूटर असेल तर स्कॅनर सोडूनच द्या, दुचाकीचे सॉकेट वेगळे असतात. आधी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि ब्रेकचा स्विच बघा, मग मीटर काढा. आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर ते इमोबिलायझरचं (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचं) काम. दुसरी किल्ली लावून पाहा, तरी नाही झालं तर गाडी सर्व्हिस सेंटरला ओढून न्या. तिथे तिन्ही साधनं हात टेकतात.