घर-शेत सांभाळून ईश्वरविज्ञान: बेळगाव भागातल्या विस्तार अभ्यासक्रमाचं परीक्षण

बेंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे, पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी साडेतीनशेच्या आसपास. दोन्हीकडे राहून शिकायचं, तेही इंग्रजीतून, आणि बी.डी. या ईश्वरविज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) पदवीला चार-पाच वर्षं जातात. निपाणीकडे ज्याचा दोन एकर ऊस आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत आणि मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, ज्याचा शब्द चालतो, तो माणूस तिकडे जाऊच शकत नाही. बेळगावच्या केंद्रातून चालणारा हा मराठी विस्तार अभ्यासक्रम, म्हणजे घरी अभ्यास करून आठवड्याला गावातल्या गटात बसायचं शिक्षण, अशाच लोकांसाठी आहे. तो घ्यावा का? जरूर घ्यावा. मात्र आपल्या गटाची बैठक चालवणारा गटचालक कोण आहे ते आधी बघा, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे.

ही पद्धत ग्वाटेमालात 1963 साली प्रेस्बिटेरियन सेमिनरीने सुरू केली. राजधानीत शिकायला गेलेली मुलं गावाकडे परतेनात आणि गावची मंडळी खऱ्या अर्थाने चालवणारे प्रपंचातले लोक शिक्षणाबाहेर राहिले, म्हणून शिक्षकच गावोगाव जाऊ लागले. भारतात टाफ्टी ही विस्तार शिक्षणाची संस्था 1971 पासून बेंगळूरहून याच पद्धतीने काम करते. घरचा अभ्यास, आठवड्याचा गट आणि मंडळीतलं प्रत्यक्ष काम, हे या पद्धतीचे तीन भाग. यातला एकही गळला तर उरतो तो निव्वळ पत्रव्यवहाराचा कोर्स.

इथे आठवड्याला पाच पाठ आहेत. एका पाठाला चाळीस मिनिटं धरली तर घरी साधारण सव्वातीन तास लागतात. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायावरचा पाठ बघा. पक्षघाती माणसाला चौघे उचलून आणतात आणि छपरातून खाली सोडतात, तो उतारा. डाव्या पानावर उतारा आणि दहा-बारा ओळींचं विवेचन, उजव्या पानावर प्रश्न. पहिले चार प्रश्न उताऱ्यात काय आहे याचे. पुढचे दोन अर्थाचे: येशूने आधी पापक्षमेचं का बोललं, आणि शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) कशामुळे अस्वस्थ झाले? शेवटचा प्रश्न मात्र गावाचा: तुमच्या मंडळीत उपासनेला येऊ न शकणारे कोण आहेत, आणि या आठवड्यात त्यांच्याकडे कोणते चौघे जातील? नावं लिहायची, जाऊन यायचं आणि गटात सांगायचं. पुस्तिकेचा जीव या शेवटच्या प्रश्नात आहे. उत्तरं पानाच्या तळाशीच छापणं ही चूक आहे. घाईतला माणूस आधी तळ वाचतो आणि रकाने भरतो. ती पुस्तिकेच्या शेवटी, तीही पाठांचा क्रम बदलून छापावीत. दुसरी अडचण रिकाम्या जागांची. त्या बायबलच्या एका भाषांतरातल्या शब्दांवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे पंडिता रमाबाईंचं भाषांतर वापरणाऱ्या घरात त्या जुळत नाहीत.

गटाची बैठक दीड तासाची. तिची चांगली विभागणी अशी: दहा मिनिटं प्रार्थना आणि मागच्या आठवड्याच्या कामाचा वृत्तान्त, वीस मिनिटं उत्तरं ताडून पाहणं, पंचेचाळीस मिनिटं चर्चा, पंधरा मिनिटं पुढच्या कामाची वाटणी. गटात सहा ते नऊ जण असावेत. दहाच्या वर गेले की दोघे-तिघेच बोलतात, आणि चारावर आले की एका लग्नकार्यात बैठक मोडते.

बिघाड बहुतेक वेळा चर्चेच्या त्या पंचेचाळीस मिनिटांत होतो. गटचालक हाडाचा उपदेशक असेल तर प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देतो, त्याला तीन मुद्दे जोडतो, आणि वह्या मिटतात. आपल्याच मंडळीचा पाळक गटचालक असला तर अवघडलेपणा आणखी वाढतो. वडील मंडळी त्याच्यासमोर शंका काढत नाहीत, तरुण तर तोंडच उघडत नाहीत. केंद्राने यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या उपक्रमात सर्वात मोलाचा वाटतो: गटचालकांची अदलाबदल. खानापूरचा पाळक नंदगडला जातो, नंदगडचा खानापूरला. शिवाय त्यांना एक मोजमाप दिलं आहे. गटचालकाचं बोलणं एकूण वेळेच्या पावपेक्षा जास्त झालं, तर पुढच्या बैठकीला शेजारी दुसरा बसतो आणि नोंद ठेवतो. पुढचे पुढारी घडवायचे तर आजच्या पुढाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे, हे इथे नियमात उतरवलं आहे, आणि त्याबद्दल केंद्राचं मनापासून कौतुक.

मोबाइलची बाजूही विचारपूर्वक आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे, म्हणून व्हिडिओ टाळून दहा मिनिटांचे ध्वनिपाठ केले आहेत. 32 केबीपीएसवर असा एक पाठ जेमतेम 2.4 एमबीचा होतो, व्हॉट्सअॅपवर सहज पोचतो आणि मेमरी कार्डवरून साध्या फोनवरही वाजतो. घरी मराठी बोलणारी पण कन्नड माध्यमात शिकलेली मुलं देवनागरी सावकाश वाचतात. त्यांना हे पाठ फार उपयोगी पडतात. त्यांच्या हाती कन्नड पुस्तिका देऊन चर्चा मराठीत ठेवली तरी गट नीट चालतो, कारण पाठांचे क्रमांक दोन्हीकडे तेच आहेत.

परीक्षेची पद्धत बदलली हेही बरं झालं. निबंध आता चॅटबॉट लिहून देतो, आणि अध्याय-वचनाचे चुकीचे संदर्भ इतक्या ठामपणे देतो की नवख्याला संशयही येत नाही. म्हणून लेखी निबंध काढून तोंडी परीक्षा आणि बारा मिनिटांचा उपदेश ठेवला आहे. उपदेश ऐकणारे तिघे मंडळीतलेच. त्यांनी एवढंच सांगायचं: मुख्य गोष्ट कोणती कळली, कुठे सुटली आणि सोमवारी काय करणार. तिघांची उत्तरं तीन दिशांना गेली तर उपदेश पुन्हा बांधायचा.

मान्यतेबद्दल गैरसमज नको. हे प्रमाणपत्र आहे, पदवी नाही. ईश्वरविज्ञानाच्या पदव्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची सिनेट देते. पदवी देण्याचा अधिकार त्या कॉलेजला 1827 साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला. आपल्या मुलाला पाळकीय दीक्षेकडे पाठवायचं असेल तर आपल्या चर्चच्या अटी आधी लेखी मागवा. हे प्रमाणपत्र पुढे कामी येईल असं तोंडी कोणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका.

नाव घालायला दिवाळीनंतरचा काळ खानापूरच्या गटांना सोयीचा. जून-जुलैत भाताची लावणी सुरू झाली की बैठका बंदच पडतात. निपाणी-चिकोडीकडे नेमकं उलट, तिथे ऊसतोड हिवाळ्यात जोरात असते, तेव्हा तिकडच्यांनी पावसाळी तुकडी मागावी. केंद्र सगळीकडे एकच वेळापत्रक लावतं, आणि गळती होते ती त्यामुळे.

एक दुरुस्ती तातडीने हवी. संडे स्कूल, प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी ही कामं आपल्या मंडळ्यांत बऱ्याच अंशी बायकाच ओढतात, तरी गटचालकांत त्या फार थोड्या आहेत. बैठक संध्याकाळी सातची, म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ. दुपारी दोन ते साडेतीनचा गट ठेवला तर त्या येतील, आणि एक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या बाईला दुसऱ्या गावच्या गटावर पाठवता येईल. मेथडिस्ट चर्चमध्ये स्त्रियांना पाळकीय दीक्षा मिळतेच, तेव्हा गट चालवायला त्यांना अडवण्याचं काही कारण नाही. पुढच्या तुकडीपासून दुपारचा एक गट तरी सुरू करावा, अशी मागणी मंडळ्यांनी आताच लेखी कळवावी.