नऊ महिने वापरलेला इलेक्ट्रॉनिक इअरमफ: सगळं येऊन अडलं गादीवर

मेच्या पहिल्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवरून परत येताना माझा डावा कान वाजत होता. एसटीत वाजत होता, रात्री जेवताना वाजत होता. सोमवारी दुपारी वावरात पऱ्हाट्या वेचत होतो, तेव्हा कुठे तो थांबला. फायरिंगच्या वेळी कानावर 6,400 रुपयांचा इलेक्ट्रॉनिक इअरमफ होता, म्हणजे कान झाकून आवाज अडवणाऱ्या, कमानीने जोडलेल्या दोन वाट्या. इतके पैसे मोजून कान वाजत असेल तर मी घेतलं काय, हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. घेताना जे अभिप्राय वाचले ते सगळे पहिल्या आठवड्यातले होते. "मस्त आहे, पैसे वसूल." एक उन्हाळा काढल्यावर काय होतं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

मॉडेल सगळ्यांना माहीत असेल तसलंच आहे. घडी होणारी कमान, पातळ वाट्या, दोन पेन्सिल सेल, एनआरआर 24 (किती डेसिबल आवाज अडतो त्याचा पेटीवरचा आकडा). बारीक आवाज मोठा करून ऐकवतो आणि मोठा आवाज आला की स्पीकर दाबतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार ज्या गोष्टीची आहे ती कोणत्याही मफमध्ये होऊ शकते.

आधी हे सांगतो की कानाचा मला एवढा घोर का. आमच्याकडे बाबांच्या नावावरची 12 बोरची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. तीस वर्षं त्यांनी जागल केली. हरभऱ्यात रोही, तुरीत डुकरं. हवेत फायर करायचे, कानात काही नाही. घरात कापसाची गंजी लागलेली असायची, पण कानात बोळा घालायचं कुणाच्या मनात आलं नाही. घातला असता तरी साध्या कापसाने बंदुकीचा आवाज अडत नाही. साठीला आले तेव्हा डावा कान जवळजवळ गेला होता. उजव्या खांद्यावर बंदुकीचा दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाच्या जवळ असतो आणि उजव्या कानाला डोक्याची थोडी आड मिळते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी आम्हाला वाटायचं की बाबा डाव्या बाजूने हाक मारली की मुद्दाम लक्ष देत नाहीत.

आता परवाना माझ्या नावावर आहे. मी दर रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी रेंजवर क्लबची .22 रायफल चालवतो, महिन्यातून एखाद्या वेळी 12 बोरचे पाच-सहा राउंड. सुरुवातीची दोन वर्षं .22ला कानात काही घालत नव्हतो, आवाज बारीक वाटायचा म्हणून. मागच्या वर्षी सोयाबीनच्या हर्राशीत व्यापारी "चार हजार साठ" म्हणाला आणि मी "आठ" ऐकलं. दोनदा विचारलं, दोनदा आठच ऐकलं. शेजारच्याने बोटं दाखवून सांगितलं. त्या आठवड्यात कान तपासून घेतला. आलेख समोर ठेवून तपासणाऱ्या बाईंनी दाखवलं, डाव्या कानाच्या रेघेत 4000 हर्ट्झवर खड्डा. स, श, च यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते, ती आधी बोथट होते. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. सप्टेंबर 2024ला मफ मागवला.

पहिले दोन महिने मी त्याच्यावर खूश होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं होतं, तेव्हापासून रेंजवर पोट्ट्यांची गर्दी वाढलेली. एका लेनवर मी, पलीकडे कुणाचं .32 रिव्हॉल्व्हर, वर पत्र्याचं छत. आवाज छतावर आपटून खाली येतो आणि आपला फायर नसतानाही कान मार खातो. मफ लावल्यावर ते थांबलं आणि रेंजवरच्या सरांची "लोड", "स्टॉप" ही ऑर्डरही स्पष्ट ऐकू येऊ लागली. वाटी पातळ असल्याने गाल दस्त्याला टेकवला की उजवी वाटी उचलली जात नाही. जाड वाटीचा मफ घेणाऱ्यांनी हे दुकानातच तपासावं. लाकडाची काठी खांद्याला लावून गाल टेकवा, वाटी हलली तर तो मफ रायफलसाठी नाही.

मग विधानसभेची आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा झाली आणि मफ सोयाबीनच्या थ्रेशरवर गेला. तिथे स्विच बंद ठेवावा लागतो. थ्रेशरचा आवाज अखंड असतो, सर्किट सारखं दाबत राहतं आणि कानात नुसती खरखर येते. बंद केला की साधा मफ म्हणून चांगला चालतो. दिवसभर भुसा उडत असताना कान शांत राहिले, संध्याकाळी डोकं जड नव्हतं. मजुरांपैकी दोघांना मग मी कानात घालायचे फोमचे बोळे आणून दिले.

खरा आनंद डिसेंबरात झाला. तुरीच्या जागलीत मचाणावर मफ लावून आवाज वाढवला तर धुऱ्यापलीकडे पाचोळ्यावरची खुसफूस ऐकू आली. डुकरं आत शिरायच्या आधी कळली आणि नुसत्या टॉर्चने व ओरडण्याने ती परत फिरली. त्या आठवड्यात एकही काडतूस खर्चलं नाही. वारा सुटला की मायकात फडफड होते, तेवढी अडचण आहे.

घरी आणल्यावर एक दिवस मफ बाबांच्या कानावर ठेवला. नात पलीकडच्या खोलीत पाढे म्हणत होती. बाबा म्हणाले, "बाबू, हे कोन बोलून रायलं?" मी सांगितलं. ते बराच वेळ मफ काढू देईनात. हे श्रवणयंत्र नाही, त्याची जागा घेऊ शकत नाही, तपासून नीट यंत्र लावणं वेगळं. पण तो दिवस मी विसरणार नाही, आणि या वस्तूवर पूर्ण राग का धरता येत नाही याचं कारणही तेच आहे.

आता गादी.

वाटीच्या कडेला जी फोम भरलेली काळी गादी असते, ती कानाभोवती हवाबंद बसली तरच मफ मफ आहे. नाहीतर ती प्लास्टिकची टोपी. पेटीवरचा 24चा आकडा प्रयोगशाळेतला आहे, नवी गादी, नीट बसवलेली. अमेरिकेतल्या नायओश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने 1998मध्ये सांगितलं होतं की मफच्या आकड्यातून पाव भाग कापा, फोमच्या बोळ्यांच्या आकड्यातून निम्मा. म्हणजे माझे 24चे झाले 18. 12 बोरचा दणका कानाशी साधारण 155 डेसिबलपर्यंत जातो. त्यातून 18 गेले, उरले 137. एका दणक्यासाठीसुद्धा 140 ही हद्द मानतात. म्हणजे सगळं नीट असताना माझ्या हातात जेमतेम तीन डेसिबल होते. हिशेब ढोबळ आहे, पण डोळे उघडायला पुरेसा आहे. त्यात मी चष्मा लावतो. चष्म्याची काडी गादीखालून जाते, तिथे फट पडते, त्यात काही डेसिबल गळतात. मी 137वर नव्हतोच.

एप्रिलमध्ये पारा 44-45वर गेला. कानाभोवती घाम साचून गादी निसटायची, कातडी लाल व्हायची, अर्ध्या तासात काढावंसं वाटायचं. बायकोने जुन्या सुती लुगड्याच्या खोळी शिवून दिल्या, इतक्या नेटक्या की रेंजवर तिघांनी विचारल्या. आराम म्हणाल तर बाजाराच्या गादीपेक्षा दहापट. दोन रविवार त्या खोळींवर काढले आणि दुसऱ्या रविवारी कान हलका वाजला. मग शंका आली. गावच्या पिठाच्या चक्कीत गेलो, पट्ट्याचा बारीक चीं आवाज खोळीसकट ऐकला आणि खोळ काढून ऐकला. खोळ काढल्यावर तो आवाज जवळजवळ गेला, खोळ घातल्यावर परत आला. कापडातून आवाज गळत होता. खोळी काढून ठेवल्या. तिला सांगताना वाईट वाटलं, कारण शिवताना तिने माझाच विचार केला होता.

पण तोवर घामाने आणि उन्हाने गादीचं काम झालं होतं. प्लास्टिक कडक पडलं, शिवणीजवळ केसासारख्या भेगा. त्यात माझी चूकही आहे. मी मफ ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचो, उन्हाळ्यात तो डबा तव्यासारखा तापतो. कान वाजला त्या रविवारी रेंजवरच्या एका पोट्ट्याने दाखवलं, "काका, तुमची गादी तडकली ना. काहून लावून रायले?" मला दिसलीच नव्हती. वाटीच्या आतल्या बाजूला कोण पाहतं?

विकणाऱ्याला फोन केला. गादीचा जोड पाठवा, पैसे देतो. उत्तर आलं, गादी झिजणारी वस्तू आहे, हमीत बसत नाही. मी हमी मागितलीच नव्हती, पैसे देऊन गादी मागत होतो. मग सांगितलं की सुटी गादी भारतात येतच नाही. चौथ्या फोनला म्हणाले, नवा सेट घ्या, 10 टक्के कमी करू. दोन गाद्यांसाठी 5,760 रुपये! सोयाबीनच्या मागच्या भावाने एक क्विंटल विकून वर सतराशे घालावे लागतात. जी वस्तू घामाने झिजणार हे बनवणाऱ्याला माहीत आहे, जिच्यावर आख्खं काम अवलंबून आहे, ती सुटी विकायची नाही, हा ग्राहकाच्या कानाशी केलेला अन्याय आहे. माणूस तडकलेली गादी लावून फायर करत राहतो आणि त्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत.

इथवर मेच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिलं होतं आणि शेवटी "घेऊ नका" असं लिहिलं होतं. मग पेरणीची घाई सुरू झाली. आता जून संपत आला, पेरणी आटोपली आणि मत थोडं बदललं आहे, म्हणून ते वाक्य काढतो.

झालं असं की नागपूरला बियाणं आणायला गेलो तेव्हा औद्योगिक सुरक्षेच्या सामानाच्या दुकानात वाटी घेऊन गेलो. दुकानदाराने तीन जातीच्या गाद्या लावून पाहिल्या. तिसरी खाचेत बसली, 480 रुपये जोड. आत जरा मऊ, चष्म्याच्या काडीभोवती चांगली वळते. चक्कीत परत तपासली, चीं आवाज गेला. तिथेच फोमचे नारिंगी बोळे घेतले, थ्रीएमचे 1100, एनआरआर 29, पंधरा रुपयांना जोडी.

या पंधरा रुपयांच्या वस्तूबद्दल आधी मला काडीचा आदर नव्हता, कारण मी ती चुकीची घालत होतो. बोटांनी दाबून कानाच्या तोंडाशी चिकटवायची आणि म्हणायचं काही फरक नाही. ती आधी सुतळीसारखी बारीक वळायची. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. मग आत सरकवून वीस-तीस सेकंद बोट टेकवून धरायचं, फोम फुगेपर्यंत. नीट बसली की आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. 45 अंशातही कानाला घाम नाही, चष्मा आड येत नाही, दस्ता आड येत नाही. मळलेल्या हाताने मात्र वळू नये.

आता 12 बोरला आत बोळा आणि वर मफ. दोन्ही लावले म्हणून आकडे बेरजेने वाढत नाहीत. कापून उरलेल्या मोठ्या आकड्यावर, म्हणजे मफच्या 18वर, साधारण पाचच डेसिबल मिळतात, कारण पुढे आवाज कवटीच्या हाडातून आत येतो. पण माझ्या तीन डेसिबलचे आठ झाले आणि एका बाजूची फट पडली तर दुसरं सांभाळून घेतं. बोळ्यावरून मफचा आवाज वाढवला की सरांची ऑर्डरही ऐकू येते. जूनमध्ये दोनदा असं फायर केलं, दोन्ही वेळा कान शांत. नुसत्या .22ला बोळे पुरतात.

तेव्हा कुणी विचारलं तर आता असं सांगतो. जागल करत असाल, रेंजवर शिकवत असाल, ऑर्डर ऐकू न आल्याने घाबरत असाल तर इलेक्ट्रॉनिक घ्या, पण आधी सुटी गादी मिळते का ते विचारा आणि पहिल्याच दिवशी एक जोड जास्तीचा घ्या. रविवारची .22च चालवायची असेल तर शंभर रुपयांचे बोळे घ्या, उरलेले पैसे राउंडला लावा. महिन्यातून एकदा वाटी उलटी करून गादीला बोट दाबा. लगेच फुगून वर आली नाही तर ती संपली.

माझ्याकडे दुसरा जोड आहे. ट्रॅक्टरमध्ये नाही, देवळीत, धान्याच्या कोठीमागे, जिथे ऊन येत नाही. मोठा मुलगा पुढच्या महिन्यात चौदाचा होतो, त्याला एअर रायफल शिकायची आहे. त्याला बोळा वळायला शिकवून झालं, आता बाबांच्या यंत्रासाठी तपासणीची तारीख घेतली आहे.

काल विकणाऱ्याकडून फोन आला, ऑफर अजून चालू आहे म्हणून. मी विचारलं, "गादी आली का?" म्हणाले, नाही. मी फोन ठेवला.