कॅननला पहिली झूम: ५५-२५० की ७५-३००?

कॅननचा क्रॉप सेन्सरवाला (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर घेतलाय, किटची १८-५५ मिमी लेन्स आहे, आता लांबचं काढायचंय म्हटलं की दुकानदार आधी ७५-३०० पुढे करतो, कारण स्वस्त आणि आकडा मोठा. पण तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय, म्हणजेच आयएस) नाहीये, आणि लहान सेन्सरमुळे १.६ पट क्रॉप धरला की ३०० मिमीचं ४८० सारखं दिसतं, म्हणजे हातात धरून काढायचं तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास हवं, संध्याकाळी बसा मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवत! ५५-२५० आयएस एसटीएम (एसटीएम म्हणजे शांत फोकस मोटर) थोडी महाग, पोच ४०० इतकीच, पण आयएस आहे (पळत्या पोरांना त्याचा उपयोग नाही, ते वेगळं), फोकस गपचूप होतो, वजन ३७५ ग्रॅम, ती दुसरी ४८०. शिवाय ही ८५ सेंमीवरून फोकस करते, तिला दीड मीटर लागतो, फुलपाखरंवाल्यांनी बघा. ३०० च्या टोकाला फोटो मऊच येतो त्यामुळे जादा ५० मिमी कागदावरच. भिगवणच्या फ्लेमिंगोंना दोन्ही कमीच पडतात.

७५-३०० कधी? पुढे फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) जायचं नक्की असेल तर, ५५-२५० तिथे चालत नाही. तरी मी म्हणेन तेव्हाचं तेव्हा बघू, आत्ता ५५-२५० घ्या, सेकंडहँड पण चालेल, फक्त लेन्सवर एसटीएम लिहिलंय ना ते बघा.