पीबीएस पासपोर्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या मराठी घरांत पीबीएस ही तिथली सार्वजनिक दूरचित्रवाणी बहुधा लहान मुलांच्या कार्यक्रमांमुळे येते आणि मुले मोठी झाली की विस्मरणात जाते. आमच्याकडेही तसेच झाले होते. जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर असलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, काढून घेतले, आणि १९६७ च्या कायद्यान्वये उभे राहिलेले, हा पैसा गावोगावच्या प्रसारण केंद्रांपर्यंत पोहोचवणारे महामंडळ आता आवरते घेणार असल्याची बातमी पाठोपाठ आली. ज्या केंद्राने आमच्या मुलीला अक्षरओळख करून दिली, त्याला आजवर आपण एक पैसाही दिलेला नाही, याची त्या दिवशी फार खंत वाटली. ऑगस्टपासून आम्ही दरमहा ५ डॉलर देऊ लागलो. पासपोर्ट, म्हणजे पीबीएसचे कार्यक्रम अ‍ॅपवर हवे तेव्हा पाहण्याची सोय, त्या देणगीसोबत आला.

ही सुविधा पीबीएसकडून थेट विकत मिळत नाही. आपण आपल्या भागातल्या केंद्राला देणगी देतो, आणि देणगी महिना ५ किंवा वर्षाला ६० डॉलर किंवा त्याहून अधिक असली की बहुतेक केंद्रे आपल्याला पासपोर्टचा लाभ देतात. पूर्वी देणगीदारांना कापडी पिशवी किंवा कॉफीचा मग मिळत असे. आता जुन्या कार्यक्रमांचे कपाट उघडून मिळते. नव्या कार्यक्रमांपैकी बरेचसे प्रसारणानंतर काही आठवडे सर्वांसाठी मोफत असतात आणि मग होकायंत्राच्या चिन्हाखाली, म्हणजे पासपोर्टधारकांपुरते, उरतात. मुलांचे कार्यक्रम मात्र सर्वांना विनामूल्यच आहेत, आणि ते तसेच राहावेत असे मला मनापासून वाटते.

सुरुवात त्रासाची झाली. देणगी खात्यातून लगेच वळती झाली, पण खाते सुरू करण्याचा संकेतशब्द ईमेलने यायला नऊ दिवस लागले. मी केंद्राला फोन केला तेव्हा एका वयस्कर स्वयंसेविकेने माझे नाव यादीत शोधून, संकेतशब्द फोनवरच सावकाश वाचून दाखवला. त्यानंतर दूरचित्रवाणी संचावर अ‍ॅप जोडायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

हिवाळ्याच्या लांब रात्री आम्ही व्हिएतनाम युद्धावरचा दहा भागांचा, अठरा तासांचा माहितीपट पूर्ण पाहिला. अमेरिकी सैनिकांबरोबरच उत्तर व्हिएतनामच्या सैनिकांनाही बोलू देणारे असे काम मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे. मध्ये जाहिराती नसल्यामुळे एखादी आई आपल्या गेलेल्या मुलाबद्दल बोलून थांबते, तेव्हा ती शांतता शांतताच राहते. केवळ एवढ्यासाठीही मी ५ डॉलर आनंदाने देईन.

पण आमच्या घरात पासपोर्टचा खरा उपयोग केला तो माझ्या सासऱ्यांनी. आप्पा सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. ऑक्टोबरमध्ये ते आमच्याकडे आले, आणि बाहेर थंडी वाढल्यावर दिवसभर घरात बसून कंटाळले. १९३७ च्या यॉर्कशायरमधल्या गुरांच्या डॉक्टरांवरची ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ ही मालिका मी त्यांना लावून दिली. तिथली बोली मलाही नीट कळत नव्हती. उपशीर्षकांचा आकार मोठा केल्यावर आप्पांची अडचण संपली. अडलेल्या गाईचा प्रसंग आला तसे ते खुर्चीत पुढे सरकले, उजव्या हाताची बाही त्यांनी नकळत कोपरापर्यंत वर ओढली आणि पडद्यावरच्या तरुण डॉक्टरला म्हणाले, “दोरी सांध्याच्या वर बांध, बाबा. आणि कळ येईल तेव्हाच ओढ.” वासरू बाहेर आल्यावर त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला १९८३ सालची, कंदिलाच्या उजेडात सोडवलेल्या म्हशीची हकीकत सांगितली. लग्नाला चौदा वर्षे होऊनही ती मी कधी ऐकली नव्हती.

आता उणिवा. अ‍ॅपमधला शोध कच्चा आहे. नावात एका अक्षराची चूक झाली तरी भलतेच निकाल येतात. फोनवर अर्धा पाहिलेला भाग मोठ्या पडद्यावर कित्येकदा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ब्रिटिश मालिकांच्या प्रक्षेपणाचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, त्यामुळे एखादी मालिका निम्मी पाहून झालेली असताना यादीतून निघून जाते. आमच्या बाबतीत हे दोनदा घडले. दुसऱ्या एका मोठ्या सेवेवर मासिक शुल्काने मिळणारी, पीबीएसच्या नाट्यमालिकांची ‘मास्टरपीस’ ही स्वतंत्र वाहिनी पासपोर्टमध्ये येत नाही, हेही देणगी देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. कार्डाची मुदत संपून हप्ता चुकला तर लाभ बंद होतो, म्हणून नवे कार्ड आल्याबरोबर केंद्राला कळवावे. दररोज रात्री नवे चित्रपट पाहणाऱ्या घराची गरज पासपोर्टवर भागणार नाही. इतिहास, विज्ञान, निसर्ग, नाटक आणि संगीत यांची आवड असलेल्या घराला तो वर्षभर सहज पुरतो.

सर्वांत जास्त चुटपुट लागली ती देशाच्या सीमेची. हे सारे कार्यक्रम प्रामुख्याने अमेरिकेतच पाहता येतात. मार्चमध्ये परत जाताना आप्पांनी उरलेल्या भागांची यादी वहीत लिहून नेली होती, आणि सांगलीत टॅबलेटवर आमचेच खाते उघडून पाहिले तर भाग सुरूच होईना. हक्कांचा करार त्यांना समजावून सांगताना मलाच वाईट वाटले. तेव्हापासून रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्याकडे संध्याकाळ असताना, मी आदल्या रात्री पाहिलेल्या भागाची गोष्ट त्यांना फोनवर सांगते. माणसांच्या भानगडी ते फारशा विचारत नाहीत. घोड्याचा पाय कशाने सुजला होता आणि त्यावर काय बांधले, हे मात्र मला नीट पाहून ठेवावे लागते.