१६५ वॉटच्या नावाखाली ६४ वॉट : रीफ टँकचा दिवा घेताना झालेली फसवणूक

माझ्या रीफ टँकमधल्या, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या समुद्री पाण्याच्या काचेच्या टाकीतल्या, अकरा प्रवाळ वसाहतींपैकी सात वसाहती चार महिन्यांत मेल्या, आणि त्या मरत असताना मी रोज संध्याकाळी काचेच्या नळ्या घेऊन पाण्यातला दोष शोधत बसलो होतो. दोष पाण्यात नव्हता, वरच्या दिव्यात होता. दिवा विकणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हे मी आता खात्रीने सांगू शकतो. रक्कम फार मोठी नसेल, पण जी युक्ती माझ्यावर चालली ती इतरांवरही चालू शकते, म्हणून सगळे तपशीलवार लिहीत आहे.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोके घालून पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिले, तेव्हापासून घरी रीफ टँक असावा ही इच्छा मनात होती. आपल्याकडे कठीण, म्हणजे दगडासारखा सांगाडा बांधणाऱ्या, प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण २००१ पासून आहे, त्यामुळे ते घरात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मी झोअँथिड, मशरूम, लेदर आणि झेनिया अशा मऊ प्रवाळांपुरताच राहायचे ठरवले होते. टँक ठाण्यातल्या आमच्या दिवाणखान्यात आहे. तो ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच, म्हणजे सुमारे २०० लिटरचा आहे. पाणी, दगड आणि घाण पचवणाऱ्या जीवाणूंचे चक्र स्थिर व्हायला तीन महिने दिले, तोपर्यंत साधा पांढरा दिवा पुरला. २०२३ च्या दिवाळीच्या आधी प्रवाळांसाठी योग्य दिवा घ्यायची वेळ आली.

एका परिचिताने मुंबईतल्या एका विक्रेत्याचा नंबर दिला. त्याचे छोटे दुकान होते, पण बहुतेक व्यवहार तो फोनवर करीत असे. दुकानातला टँक पाहून मी भारावून गेलो, हे मान्य करतो. निळ्या प्रकाशात झोअँथिडांची हिरवी आणि केशरी वर्तुळे अक्षरशः पेटल्यासारखी दिसत होती. प्रवाळांच्या शरीरात अशी प्रथिने असतात की जी निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे कोणत्याही निळ्या दिव्याखाली, अगदी अपुऱ्या दिव्याखालीही, प्रवाळ काही दिवस सुंदरच दिसतात. शिवाय माणसाच्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक असते, आणि निळ्याला फारच कमी असते. निळा दिवा भरपूर आहे की तोकडा, हे आपल्याला नुसते बघून कळूच शकत नाही. दुकानात उभे राहून डोळ्यांनी निर्णय घेणे ही माझी पहिली चूक होती. त्या टँकवर लावलेला दिवा मला विकलेला दिवा नव्हता, हे तर मला पुष्कळ नंतर कळले.

विक्रेत्याने सांगितले की दिव्यात ५५ एलईडी आहेत, प्रत्येक ३ वॉटचा, म्हणून एकूण १६५ वॉट. त्याने फोनवर एक रंगीत तक्ताही पाठवला, ज्यात टँकच्या तळाशी १८० पार आणि मध्यावर २९० पार असे आकडे छापलेले होते. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, आणि तो एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात यावरून मोजतात. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतात. प्रवाळाच्या ऊतीत राहणारे सूक्ष्म शैवाल या प्रकाशावर अन्न तयार करते, आणि प्रवाळाच्या पोषणाचा मोठा वाटा त्यातूनच येतो. प्रकाश कमी पडला तर प्रवाळ एका दिवसात मरत नाही, तो साठवलेल्या शक्तीवर आठवडेच्या आठवडे तग धरतो. माझ्यावर झालेली फसवणूक नेमकी या उशिरावर उभी होती.

मी १८,५०० रुपये यूपीआयने दिले. पक्के बिल मागितले तेव्हा, "सर, बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल, वॉरंटी माझ्या शब्दावर आहे," असे उत्तर आले आणि वहीतल्या कागदावर लिहिलेली एक कच्ची चिठ्ठी हातात पडली. त्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नव्हते, वस्तूच्या जागी फक्त "लाइट १ नग" असे लिहिले होते, आणि यूपीआयवर आलेले नाव विक्रेत्याचे नसून दुसऱ्याच कोणाचे होते. तिथेच थांबायला हवे होते.

पहिले पाच आठवडे सर्व काही चांगले दिसले. नंतर झोअँथिडांचे देठ लांबू लागले, बोटाच्या पेरापेक्षा लांब होऊन ते दिव्याच्या दिशेने ताणले गेले, आणि चकत्यांचे केशरी रंग मळकट तपकिरी होत गेले. लेदर कोरलने आपले सूक्ष्म हात बाहेर काढणे बंद केले. झेनिया आक्रसत आक्रसत एके दिवशी दगडावर फक्त पांढरट डाग ठेवून गेली. मशरूम मात्र पूर्वीसारखेच टवटवीत होते, आणि त्यामुळेच माझी दिशाभूल झाली, कारण दिवाच वाईट असता तर सगळेच कोमेजले असते असे मला वाटले. मशरूमला कमी प्रकाश चालतो, ही गोष्ट मी वाचलेली होती, पण तेव्हा तिची या प्रसंगाशी सांगड घातली नाही.

मी फोटो पाठवले. विक्रेत्याचे उत्तर तत्काळ आले : "सर, लाइटचा काही प्रॉब्लेम नाही, पाणी बघा." मी पाणी तपासले. विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६ अंश, नायट्रेट १० च्या आत, क्षारीयता ८ ते ९ च्या दरम्यान होती, म्हणजे सगळे योग्य मर्यादेत होते. हे आकडे कळवल्यावर त्याने सूक्ष्म घटक कमी पडत असतील असे सांगून दोन बाटल्या पाठवल्या, मग अमिनो आम्लांची एक बाटली, मग वेगळ्या कंपनीचा टेस्ट किट. या सगळ्यावर माझे आणखी ७,२०० रुपये गेले, आणि तेही त्याच माणसाकडे गेले. ज्याने आजार विकला त्यानेच औषधही विकले, आणि औषधाचा गुण येणार नाही हे त्याला माहीत होते. या गोष्टीचा मला दिव्याच्या किमतीपेक्षा जास्त राग आहे.

शेवटी घरातूनच शहाणपणाचा शब्द आला. बायको म्हणाली, "अहो, पाणी तर दहा वेळा बघून झालं, एकदा दिवा तरी बघा." माझ्याजवळ वॉट मोजण्याचे यंत्र नव्हते, पण दारामागे महावितरणचा मीटर होता. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. आमच्या मीटरवर तो आकडा ३२०० आहे. एका रविवारी दुपारी फ्रिज, पंखे, राउटर, टँकचे पंप असे सगळे बंद केले, फक्त तो दिवा पूर्ण तीव्रतेवर चालू ठेवला, आणि मुलीला मोबाइलवर दहा मिनिटांची वेळ लावायला सांगून मी मीटरसमोर स्टुलावर बसलो. दिवा खरोखर १६५ वॉट घेत असता तर दहा मिनिटांत लाल दिवा ८८ वेळा लुकलुकला असता. तो ३४ वेळा लुकलुकला. पुन्हा मोजले, पुन्हा ३४ आले. चौतीसला सहाने गुणून ३२०० ने भागले की एका तासाचा वापर मिळतो, म्हणजे सुमारे ६४ वॉट. इतक्या साध्या मोजणीला मला चार महिने लागले याचे वाईट वाटते, पण ही मोजणी कोणालाही एका पैशाच्या खर्चाशिवाय करता येते, म्हणून ती इथे सविस्तर दिली आहे.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक तरुण हौशी मित्र कामानिमित्त ठाण्यात आला, त्याच्याकडे पाण्याखाली चालणारा पार मीटर होता. त्याने सेन्सर वाळूवर ठेवला. मधोमध ४८, दगडाच्या मध्यावर ७०, आणि झोअँथिडांच्या कोपऱ्यात २२, तर मागच्या कोपऱ्यात अवघे १५. "काका, तुमच्या झोआ अंधारातच होत्या," एवढेच तो म्हणाला. मग त्याने विक्रेत्याचा तक्ता पाहिला, आणि तो एका वेगळ्या, बऱ्याच महाग दिव्याच्या माहितीपत्रकातून उचललेला आहे हे मूळ पान उघडून मला दाखवले. आकडे तेच, रंगही तेच, फक्त कंपनीचे नाव असलेली वरची पट्टी कापलेली होती.

त्याच संध्याकाळी प्लग काढून, दिवा पूर्ण थंड झाल्यावर आम्ही त्याची मागची झाकणपट्टी उघडली. आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणाऱ्या भागावर, ३०० मिलिअँपिअर असे छापलेले होते. ३ वॉटच्या एलईडीला पूर्ण क्षमतेने चालवायला साधारण ७०० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे प्रत्येक एलईडीला एका वॉटच्या आसपासच वीज मिळत होती. एलईडीची पाटी आणि धातूचा उष्णतावाहक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट अर्ध्याच भागात लावलेली होती. त्यामुळे मधले काही एलईडी जास्त तापून आधीच मंद झाले होते. शेवटी मित्राने बाजूच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. १६५ वॉट लिहिलेल्या चकचकीत स्टिकरखाली कारखान्याचा मूळ स्टिकर होता, आणि त्यावर ६५ वॉट असे स्पष्ट छापलेले होते. तोपर्यंत मी मनात कुठेतरी गैरसमज झाला असेल असे म्हणत होतो. स्टिकरवर स्टिकर पाहिल्यावर ती शक्यता उरली नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. एलईडींची संख्या गुणिले त्यांची कमाल क्षमता असा आकडा पुढे करण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे, आणि १६५ वॉटच्या नावाने विकले जाणारे बरेच दिवे प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॉट घेतात. विक्रेता ते आधी उघड सांगत असेल तर त्याला मी फसवणूक म्हणणार नाही, आणि असे दिवे मऊ प्रवाळांना पुरतातही. माझ्या बाबतीत मूळ आकडा झाकला, दुसऱ्याचा तक्ता आपला म्हणून दाखवला, आणि तक्रार आल्यावर जाणूनबुजून पाण्याकडे बोट दाखवले.

स्टिकरांचे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने एकदाच उत्तर दिले, "१६५ ही कॅपॅसिटी असते सर," आणि त्यानंतर माझा नंबर ब्लॉक केला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न बिलाचा विचारला. बिल नसले तरी यूपीआयची नोंद, चॅटचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो पुरावा म्हणून चालतात असे त्यांनी सांगितले. मात्र विक्रेत्याचे नाव आणि पत्ता निश्चित करण्यात माझे दोन महिने गेले, कारण चिठ्ठीवर काहीच नव्हते आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात गेले होते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. मी तक्रार दाखल केली आहे आणि तो दिवा दोन्ही स्टिकरांसह खोक्यात बंद करून कपाटावर ठेवला आहे. तुम्हीही असा दिवा फेकू नका, विक्रेत्याने "बदलून देतो" म्हटले तरी फोटो काढल्याशिवाय परत देऊ नका.

दुसरा दिवा घेताना मी तीन गोष्टींवर अडून बसलो. पहिली, विक्रेत्याच्या दुकानात, माझ्यासमोर, वॉट मोजणाऱ्या सॉकेटवर दिवा पूर्ण तीव्रतेने पंधरा मिनिटे चालवून दाखवायचा, कारण काही दिवे गरम झाल्यावर आपोआप कमी होतात. दुसरी, पक्के बिल, ज्यावर मॉडेल आणि प्रत्यक्ष वॉट दोन्ही लिहिलेले असतील. तिसरी, पार मीटर भाड्याने किंवा उसना आणून मोजता यावे म्हणून आठ दिवसांत परतीची लेखी कबुली. पहिल्या दोन दुकानदारांनी नकार दिला. तिसऱ्याने काही न बोलता सॉकेट काढून लावला, आणि खोक्यावर १२० लिहिलेल्या दिव्याचा आकडा ११६ वर स्थिर राहिला.

त्या दिव्याखाली आणलेल्या प्रवाळांना एकदम पूर्ण प्रकाश दिला नाही. अंधाराची सवय झालेल्या प्रवाळावर अचानक जास्त प्रकाश पडला तर तो आपले शैवाल बाहेर टाकून पांढरा पडू शकतो, म्हणून तीस टक्क्यांवरून सुरुवात करून दर आठवड्याला दहा टक्के वाढवत गेलो. मेलेल्या वसाहतींच्या जागा अजून दगडावर रिकाम्या आहेत. कोपऱ्यात वाचलेल्या एका झोअँथिडाच्या तुकड्यावर तेव्हा चार चकत्या होत्या, काल मुलीने भिंग घेऊन मोजल्या तर नऊ झाल्या होत्या, आणि त्यांचे देठ आता आखूड आहेत.