यूपीआयवर रुपे क्रेडिट कार्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बँकेतल्या माणसाने मला हे कार्ड देताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितले होते, "मॅडम, जिथे क्यूआर कोड तिथे तुमचे क्रेडिट कार्ड चालेल." त्या वाक्यावर भरवसा ठेवून मी कार्ड घेतले, आणि आठ महिन्यांनंतर माझी तक्रार कार्डापेक्षा त्या वाक्याविषयीच अधिक आहे.

रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा जाहीर केली. जोडणी सोपी आहे. कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख टाकायची, ओटीपी द्यायचा, पिन ठरवायचा. औषधांचे दुकान, किराणा, डेअरी या ठिकाणी कार्ड बाहेर न काढता पैसे जातात, बिल महिन्याने येते, आणि पासबुकात वीस-तीस रुपयांच्या नोंदींची जी रांग लागत असे ती थांबली. आमच्यासारख्या, पगार ठरावीक तारखेला येणाऱ्या घराला महिनाअखेरीस याचा खरा आधार होतो.

पहिला धक्का मंडईत बसला. नेहमीच्या मावशींकडून १८० रुपयांची भाजी घेतली, कोड स्कॅन केला, तर अ‍ॅपमध्ये कार्डाचे नाव फिकट दिसत होते आणि बचत खात्याशिवाय काही निवडताच येत नव्हते. मावशींचा कोड त्यांच्या मुलाच्या साध्या बचत खात्याचा होता. मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली, आणि मावशी काळजीने विचारत होत्या, "काय झालं ताई, पैसे आले नाहीत का?" त्यांचा काहीही दोष नसताना त्यांना अडखळावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. मंडईतले निम्म्याहून अधिक कोड अशा वैयक्तिक खात्यांचे आहेत, हे मी त्यानंतर पाहिले. घरमालकांना भाडे पाठवतानाही हेच घडले.

नियम मला समजतो आणि पटतोही. क्रेडिट कार्डावरून एटीएममधून रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि वर शुल्क लागते. पण एखाद्या ओळखीच्या माणसाच्या खात्यात कार्डावरून पैसे पाठवून तेच रोख परत घेता आले असते, तर उधारीची ही रोख फुकटात मिळाली असती आणि अनेक घरे कर्जात बुडाली असती. म्हणूनच व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे पाठवण्यासाठी हे कार्ड चालत नाही, फक्त व्यापाऱ्याच्या खात्यावर चालते. माझ्याकडचे जुने व्हिसा कार्ड जोडता आले नाही, कारण ही सोय रुपेपुरतीच आहे.

दुसरी अडचण जूनमध्ये आली. मुलीची वह्या-पुस्तके ३,४०० रुपयांची झाली आणि दुकानदार म्हणाले, "दोन हजारांपर्यंत कार्ड चालेल मॅडम, त्याच्या वर आमचं कमिशन जातं." लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क पडत नाही, त्यापुढे पडते, आणि वह्या-पुस्तकांवर मिळणाऱ्या तुटपुंज्या नफ्यातून ते शुल्क कापून घ्या असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मी बचत खात्यातून पैसे दिले. त्या महिन्यात शाळेची फीही भरायची होती, आणि नेमका मोठा खर्चच कार्डावर ढकलता येत नाही, हे तेव्हा जाणवले.

या मर्यादा कार्ड घेण्याआधी मला कोणी सांगितल्या असत्या, तरी मी ते घेतले असते. मात्र घरखर्चाचा हिशेब वेगळा मांडला असता आणि बचत खात्यात भाड्याची व मंडईची रक्कम राखून ठेवली असती. मे महिन्यात ती राखली नव्हती, म्हणून भाडे चार दिवस उशिरा गेले. याबाबत मी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला आहे, आणि कार्डासोबतच्या पत्रकात ही सोय कुठे चालत नाही ते मराठीत, ठळक अक्षरांत छापावे, एवढीच मागणी त्यात केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

कार्ड मी बंद केलेले नाही. औषधे, किराणा आणि डेअरी त्यावर चालतात. भाजीला निघताना मात्र बचत खात्यातली शिल्लक आधी पाहून घेते.