१९६० च्या दशकातील फेंडर प्रिसिजन बेस : बँडच्या कसोटीवर

बेस गिटार (खर्जाचे स्वर देणारी चार तारांची गिटार) वाजवणारी चार माणसे एकत्र आली की बोलणे थोड्याच वेळात जुन्या वाद्यांकडे वळते, आणि तेथे फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. या परीक्षणाचा विषय तोच आहे : १९६० च्या दशकाच्या मध्यावर तयार झालेला, शिसवी फ्रेटबोर्डाचा (बोटे टेकवण्याच्या पट्टीचा), मूळ नेक (मान) आणि मूळ पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकीय भाग) शाबूत असलेला प्रिसिजन. हे वाद्य मी दीर्घकाळ बँडमध्ये वाजवत आलो आहे आणि त्याविषयीचे माझे मत तालमीच्या खोलीत व मंचावर बनलेले आहे. घरी एकट्याने वाजवून पाहणाऱ्याला हा बेस साधा, किंबहुना काहीसा मंद वाटण्याची बरीच शक्यता आहे. ड्रमर, दोन गिटारवादक आणि गायक यांच्यामध्ये उभे राहून तो वाजवला म्हणजे त्याची खरी योग्यता कळते, म्हणून येथे त्याला मी त्याच कसोटीवर लावणार आहे.

लिओ फेंडर यांनी हा बेस १९५१ मध्ये बाजारात आणला. त्यापूर्वी बँडमधील खर्जाची जबाबदारी प्रामुख्याने उभ्या डबल बेसवर असे. ते वाद्य वाहून नेणे कष्टाचे होते, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्यापुढे त्याचा आवाज दबत असे, आणि फ्रेट (स्वराची जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसल्यामुळे प्रत्येक स्वराची जागा बोटांच्या सवयीने व कानाने शोधावी लागे. फेंडर यांनी नटपासून (तारांच्या वरच्या टेकणापासून) ब्रिजपर्यंत (खालच्या टेकणापर्यंत) ३४ इंचांची लांबी, २० फ्रेट आणि गिटारप्रमाणे गळ्यात अडकवता येणारी भरीव लाकडी बॉडी अशी मांडणी केली. जॅझ संगीतकार लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी यांनी हे नवे वाद्य वाजवायला घेतले तेव्हा त्याची जाहीर परीक्षाच झाली. १९५४ मध्ये बॉडीच्या कडा अंगाला लागणार नाहीत अशा उतरत्या केल्या गेल्या आणि १९५७ मध्ये आजचा दोन तुकड्यांचा पिकअप आला. त्यानंतर या वाद्याचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही, आणि ज्या बेसविषयी मी लिहीत आहे त्याचे सारे सामर्थ्य त्या १९५७ च्या पिकअपमध्ये आहे.

हा पिकअप नीट समजून घेण्यासारखा आहे. त्याचा एक तुकडा ई आणि ए या जाड तारांखाली असतो व दुसरा डी आणि जी या बारीक तारांखाली, किंचित पुढेमागे सरकवलेला. दोन्ही तुकड्यांतील चुंबकांची दिशा आणि तारेच्या वेटोळ्यांची दिशा परस्परांविरुद्ध ठेवलेली असते. परिणामी, विजेच्या जोडणीतून व दिव्यांमधून येणारी घरघर दोन तुकड्यांत उलटसुलट उमटते आणि एकमेकींना छेदून नाहीशी होते, पण तारांचा स्वर मात्र टिकतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. १९५१ च्या पहिल्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेच्या थेट खाली एकच चुंबक होता, तर येथे प्रत्येक तार दोन चुंबकांच्या मधोमध कंप पावते. त्यामुळे बोट सुटतानाचा आघात बोथट न होता गोल होतो आणि स्वराचा गाभा लगेच पुढे येतो. यावर नियंत्रणे केवळ दोन, आवाजाचे आणि टोनचे. बॅटरी नाही, इक्वलायझर नाही, पिकअप निवडण्याचा खटका नाही.

आता बँडमध्ये काय घडते ते पाहू. बेसच्या मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. तो लहान स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही, आणि मोठ्या स्पीकरमधून आला तरी गर्दीने भरलेल्या सभागृहात त्याचे केवळ एक अस्पष्ट घुमणे उरते. श्रोत्याला बेसचा स्वर ओळखू येतो तो मुख्यतः त्याच्या ८२, १२३ हर्ट्झ आणि त्यावरच्या स्वरांशांमुळे (मूळ स्वराच्या पटीतील कंपनांमुळे). प्रिसिजनचा जोर नेमका तेथे आहे. किक ड्रमचा ठोका खाली बसतो, गिटारींचा भर वर राहतो, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात हा बेस पाय रोवून उभा राहतो. ड्रमरने वेग किंचित ओढला किंवा गिटारवादकाने डिस्टॉर्शन (आवाजाची मुद्दाम केलेली खरखर) वाढवले तरी आपली ओळ ऐकू येत राहते, त्यासाठी अ‍ॅम्पचा आवाज वाढवावा लागत नाही. बेसवादकाने आवाज वाढवला की गिटारवादक वाढवतो, मग ड्रमर अधिक जोराने मारतो आणि अखेर गायकाचा शब्द कोणालाच कळत नाही. अनेक बँडना ठाऊक असलेले हे दुष्टचक्र या वाद्यामुळे मुळातच सुरू होत नाही. मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि दुकानात बसून केलेल्या तुलनेत तो कधीही दिसत नाही.

तुलनेसाठी फेंडरच्याच जॅझ बेसचा विचार करावा. १९६० मध्ये आलेल्या त्या वाद्याला दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतात आणि त्याचा नेक नटपाशी अरुंद असतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मध्यम पट्टीतील काही कंपने एकमेकांना छेदतात, त्यामुळे तळ आणि वरची चमक दोन्ही उठून दिसतात. एकट्याने वाजवताना हा आवाज अतिशय देखणा असतो. तीन माणसांच्या बँडमध्ये किंवा जेथे बेसला मोकळी जागा आहे अशा संगीतात मी जॅझ बेसलाच पसंती देईन. मात्र दोन गिटार, कीबोर्ड आणि वाद्यांची दाटी असलेल्या बँडमध्ये तो देखणा आवाज मागे सरकतो, आणि प्रिसिजनचा साधा आवाज जागेवर राहतो.

तारांविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण जुन्या प्रिसिजनचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो त्यात तारांचा वाटा फार मोठा आहे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांमधील जेम्स जेमर्सन यांचा बेस हा १९६२ चा प्रिसिजन होता. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली स्पंजाची पट्टी होती, आणि जेमर्सन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत. तारा तुटल्याखेरीज ते बदलत नसत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. फ्लॅटवाउंड तारेवरचे वेष्टण चपटे असल्याने बोटांचा घसरल्याचा आवाज येत नाही, वरची झळाळी कमी होते आणि स्पंजामुळे स्वराची आस (टिकण्याचा काळ) आखूड होते. ऐकताना असे वाटते की प्रत्येक स्वर आपापल्या जागी उमटून पुढच्याला वाट करून देतो. ज्या संगीतात बेसची ओळ सतत हलती आणि ताल आडवातिडवा असतो, तेथे ही आखूड आस अनमोल ठरते. जुन्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड तारा चढवून ब्रिजपाशी स्पंजाचा लहान तुकडा ठेवावा, टोन अर्ध्यावर आणावा आणि मग ड्रमरबरोबर वाजवून पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

राउंडवाउंड (गोल वेष्टणाच्या) तारांसह हेच वाद्य वेगळ्या स्वभावाचे होते. १९६० च्या दशकात रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारा द हू या रॉक बँडचे बेसवादक जॉन एंटविसल यांच्या वादनामुळे गाजल्या आणि बेसला पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखी धार आली. पिकने (तार छेडण्याच्या पातळ तुकड्याने) वाजवणाऱ्या रॉक बँडमधील बेसवादकाला प्रिसिजन आणि राउंडवाउंड ही जोडी मी निःसंकोच सुचवीन. मधल्या पट्टीतील ती खरखरीत गुरगुर गिटारच्या भिंतीतूनही बाहेर येते. अंगठ्याने आपटून वाजवण्याच्या शैलीसाठी मात्र हा बेस माझी पहिली निवड नाही.

आता उणिवा. ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या सळीचा) स्क्रू नेकच्या बुडाशी, बॉडीत दडलेला असतो. हवेतील बदलामुळे नेकला वाक आला की तारा सैल करून नेक सोडवावा लागतो, स्क्रू थोडा फिरवून नेक पुन्हा बसवावा लागतो आणि परिणाम कळण्यासाठी तारा पुन्हा चढवून सुरात आणाव्या लागतात. प्रयोगाच्या दिवशी मंचामागे हे काम करणे अशक्यप्राय आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एक स्वर लवकर विरतो. हा दोष लांब, बोल्टने जोडलेल्या लाकडी नेकच्या स्वतःच्या कंपनातून येतो आणि या घडणीच्या नव्या बेसमध्येही कमीअधिक प्रमाणात आढळतो. अशा ठिकाणी तोच स्वर डी तारेवर घेण्याची सवय लावून घ्यावी. एकच पिकअप असल्यामुळे आवाजाचे वैविध्य हातांतून, म्हणजे बोट ब्रिजजवळ किंवा नेकजवळ ठेवूनच काढावे लागते. याला मी उणीव मानत नाही, पण एका कार्यक्रमात अनेक शैलींची गाणी वाजवणाऱ्या बँडला ती वाटू शकते.

जुने वाद्य विकत घेऊ पाहणाऱ्याने खरेपणाची तपासणी धीराने करावी. नेकच्या बुडावर छापलेली तारीख, मागील पट्टीवरचा क्रमांक आणि पोटेन्शिओमीटरवरचे (आवाज व टोनच्या बटणांखालच्या विद्युत भागावरचे) आकडे या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. पोटेन्शिओमीटरच्या आकड्यांतील पहिले तीन अंक उत्पादकाचे असतात, सीटीएससाठी १३७ आणि स्टॅकपोलसाठी ३०४, आणि त्यानंतरचे अंक वर्ष व आठवडा सांगतात. १३७६६३२ असा क्रमांक असेल तर तो भाग १९६६ च्या ३२ व्या आठवड्यातला आहे. अर्थात यावरून बेस त्या आठवड्याच्या आधीचा नाही एवढेच सिद्ध होते, कारण सुटे भाग कारखान्यात काही काळ पडून राहत. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली. संग्राहक या वर्षाला फार महत्त्व देतात, वाजवणाऱ्याने त्यापेक्षा नेक सरळ आहे का आणि फ्रेटमध्ये किती जीव उरला आहे, हे पाहावे. पुन्हा रंगवलेला किंवा फ्रेट बदललेला बेस संग्राहक नाकारतात, आणि बँडमध्ये वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तीच उत्तम संधी असते, कारण ध्वनीत त्यामुळे खोट येत नाही. आणखी एक व्यावहारिक बाब : त्या काळातील काही फ्रेटबोर्ड ब्राझिलियन शिसवाचे आहेत, आणि ते लाकूड १९९२ पासून सायटिस या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे असे वाद्य देशाबाहेर नेताना परवाने लागतात. परदेश दौरा करणाऱ्या बँडने याचा आधीच विचार करावा.

जुन्या लाकडाने आवाज किती सुधारतो, या वादात मी सावध आहे. माझ्या कानाला असे वाटते की चांगल्या नव्या प्रिसिजनवर तशाच तारा आणि तसाच स्पंज बसवला तर बहुतेक अंतर मिटते. जे उरते ते हाताला जाणवणारे असते : झिजून गुळगुळीत झालेल्या नेकच्या कडा, सुकलेल्या लाखेचा कोरडा स्पर्श, आणि वाजवताना पोटाशी लागणारे बॉडीचे कंपन. वादकाला हे रोज जाणवते आणि त्यामुळे त्याचे वादन मोकळे होते, म्हणून त्याला मी दुय्यम मानत नाही.

अ‍ॅम्पविषयी थोडक्यात. अँपेगचा १९६० मध्ये आलेला बी-१५ पोर्टाफ्लेक्स, १५ इंची एकच स्पीकर असलेला, ध्वनिमुद्रणात या बेसचा सर्वोत्तम जोडीदार आहे, परंतु त्याची २५ ते ३० वॉटची शक्ती जोराने वाजवणाऱ्या ड्रमरपुढे अपुरी पडते. अँपेगचाच १९६९ चा एसव्हीटी ३०० वॉटचा आहे आणि १० इंची आठ स्पीकरसह तो कोणत्याही मंचाला पुरतो, मात्र तो उचलायला बँडमधील दुसऱ्या कोणाची तरी मदत लागतेच. यांपैकी कोणताही जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेतला तर प्रथम त्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासून घ्यावेत आणि दोन पिनांची मूळ वायर काढून अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर जाणकाराकडून बसवून घ्यावी. बेसच्या तारांवर हात आणि मायक्रोफोनला ओठ अशा स्थितीत गाणाऱ्या बेसवादकाला अर्थिंग नसलेल्या अ‍ॅम्पपासून जिवाचा धोका असतो, त्यामुळे हे काम पहिल्या तालमीच्या आधीच उरकलेले असावे.